सात वाजून दहाची फेरी

"सगळ्यांत वेगवान फेरी, एक मिनिट सात सेकंद," लॅपटॉप मिरवत शेठ ट्रॅकवरच्या मंडळींना म्हणाले. "ह्याला म्हणतात हात. घ्या, पेढे घ्या."

हर्षदानं पेढा घेतला नाही. शेठच्या लाल स्पोर्ट्स कारमध्ये डेटा लॉगर, म्हणजे वेग नि वेळ टिपणारी डबी, तिनंच जोडली होती. तीही "बाईला वायरी कळतात होय?" हा टोमणा गिळून. वायरिंग तपासायला सकाळी एक संथ चक्कर मारायची परवानगी होती. तिनं गाडी अशी पिटाळली की टायर किंचाळले, आणि हसण्याच्या नादात ती फेरी पुसायचीच राहिली. आता काम जाणार.

ड्रायव्हिंग शिकवणारे इनामदार मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "शेठ, ही फेरी सात वाजून दहाची. तेव्हा तुम्ही माझ्यासमोर मिसळीचा कट मागत होता. चावी हर्षदाकडं होती."

तोंडानं गाडी हाकणाऱ्या माणसाचं तोंड गाडीपेक्षा लाल झालं. मग शेठनी पेढ्यांचा डबा तिच्यापुढं सरकवला. "शेवटचं वळण कसं घेतलंस गं?"

"बसा डावीकडं. दाखवते."

शेठ बसले, आणि पट्टा दोनदा ओढून पाहिला.