पाचवी भरती

"पुन्हा?" मोठ्या डॉक्टरांनी केसपेपर खाटेवर टाकला. "पाच महिन्यांत पाचव्यांदा. सिस्टर, घरी पाठवताना तुम्ही यांना शिकवता तरी काय?"

छातीच्या वॉर्डात सिस्टरने बारा वर्षं काढली होती. दम्यासारख्या जुन्या दुखण्याचे रुग्ण घरी निघाले की त्यांना औषधं समजावून द्यायचं काम तिचं. त्यामुळे कोणी परत आलं की बोलणीही तिलाच बसत.

खाटेवरचे आजोबा मास्कमधून श्वास ओढत होते. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. दर महिन्याला न चुकता येतात म्हणून वॉर्डात त्यांना घड्याळवाले म्हणत.

"एक दिवस इकडचा तिकडे होत नाही बघा यांचा," भरतीच्या खिडकीवरचा कारकून आज हसून म्हणाला होता. सिस्टरला हसू आलं नव्हतं.

दारापाशी येऊन डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "फुफ्फुसं थकली आहेत. पुढच्या वेळी घशात नळी घालावी लागेल. आणि ती परत काढता येईलच, असं मी लिहून देणार नाही."

आजी बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. अंबाडा सुटलेला, पायांत दोन वेगवेगळ्या चपला.

"खरं सांगा आजी," सिस्टरने विचारलं, "आजोबा चोरून सिगारेट ओढतात का?"

"कुठून ओढणार? खिसे मी तपासते, कपाट मी तपासते. शेजारी म्हणतात, हिच्या नजरेतून माशी सुटत नाही. मग धूर सुटेल?"

"आणि वाफेचं मशीन? त्यात औषध भरून वेळच्या वेळी देता ना?"

आजींनी पिशवीतून वही काढून पुढे धरली. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री बारा. प्रत्येक वेळेपुढे बरोबरची खूण, एकही जागा रिकामी नाही. सिस्टरने ही वही इतरांच्या नातेवाइकांना कितीदा दाखवली होती. औषध द्यावं तर या आजींसारखं, असं ती सांगायची.

"आता अजून काय करू मी?" आजींचा आवाज चढला. "उशा लावून बसवते, पाठ चोळते, हे खोकले की उठते. मुलगा फोनवर सांगतो, आई, बाबांकडे लक्ष दे. लक्ष दे म्हणे! इथे दुसरं करतेय तरी काय?"

सिस्टरने वही मिटून परत दिली. संध्याकाळी सातला भेटीची वेळ संपली. या वॉर्डात रात्री नातेवाइकांना थांबू देत नसत. आजींनी आजोबांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं, "सिस्टरांना छळू नका," असं बजावलं आणि त्या गेल्या.

दोन दिवसांत आजोबांची धाप बसली. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच्या पायांनी खिडकीपर्यंत गेले, शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाशी हुज्जत घातली आणि सिस्टरचं बंद पडलेलं मनगटी घड्याळ मागून घेऊन चालू करून दिलं.

चौथ्या दिवशी सकाळी घरी जायचा कागद तयार झाला. आजी खाली भरतीच्या खिडकीपाशी सह्या करायला गेल्या. चेहरा ताजा, केस नीट विंचरलेले. सिस्टर स्टूल ओढून आजोबांजवळ बसली.

"आजोबा, मला एक कोडं सोडवून द्या. इथलं औषध आणि घरचं औषध एकच. माप तेच, वेळा त्याच. इथे दोन दिवसांत तुम्ही भांडायला लागता आणि घरी महिन्यात आडवे होता. असं कसं?"

"घरची हवा मानवत नसेल."

"थट्टा नको. डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंत ना?"

"ऐकलं. कान शाबूत आहेत अजून."

"मग उद्यापासून औषध तुम्हीच भरायचं. मशीनही तुम्हीच लावायचं."

"नको. ते तिच्याकडेच असू द्या."

"का?"

"हात थरथरतात माझे."

"काल माझ्या घड्याळात राईएवढा स्क्रू बसवलात, तेव्हा नाही थरथरले!" सिस्टरचा तोल सुटला. "माझं डोकं फिरायची वेळ आली आहे. दर महिन्याला मी तेच सांगायचं, तुम्ही मान डोलवायची आणि परत यायचं. डॉक्टरांपुढे खाली मान मी घालायची. स्वतःच्या जिवाची एवढीही पर्वा नाही तुम्हाला?"

आजोबा चादरीचं टोक चिमटीत फिरवत राहिले.

"ठीक आहे," सिस्टर उठली. "आजी वर आल्या की मशीन इथेच मांडते. त्यांनी माझ्यासमोर औषध भरून दाखवायचं. कुठे चुकतं ते कळू दे एकदाचं."

ती वळली, तोच आजोबांनी तिची बाही पकडली. पकड चांगली घट्ट होती. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. जिन्यावर आजींचा आवाज येत होता. कोणाला तरी त्या हसून सांगत होत्या, यांना घेऊन निघालेच.

"तिला काही भरून दाखवायला लावू नका, सिस्टर," आजोबा कुजबुजले. "चुकत नाही ती. पाच महिने ती त्यात नुसतं मिठाचं पाणी भरते आहे, मला चवीवरून कळतं. पण मी इथे असलो की तेवढ्या तीन-चार रात्री तरी बिचारीला झोप मिळते हो."