सैल लगाम

टांग्यांच्या शर्यतीत निशाण जवळ येताच गोटीरामने लगाम सैल सोडून हात मांडीवर ठेवले, तरी त्याची घोडी चांदणी पहिली आली.

"सहज जिंकण्याला इंग्रजीत 'विन हँड्स डाऊन' म्हणतात, ते यावरूनच," देवळाली कॅम्पातले सुभेदार कौतुकाने म्हणाले. "जिंकणं नक्की झालं, की जॉकी हात खाली सोडतो."

"घोडीच गुणाची, त्यात ह्याचं काय?" शर्यतीत मागे पडलेला टांगेवाला झुंबर जळफळला. लेकीच्या लग्नात अडलेल्या गोटीरामकडून त्याने ती घोडीच विकत घेतली.

पुढच्या वर्षी झुंबर सगळ्यांच्या पुढे होता. निशाण दिसताच सुभेदारांकडे बघत त्याने ऐटीत हात मांडीवर ठेवले. लगाम सैल पडला, तशी चांदणी वळली आणि गर्दीतल्या गोटीरामपुढे जाऊन उभी राहिली.

"आगं येडे," तिची मान थोपटत गोटीराम म्हणाला, "शर्यत तिकडं हाय."