टर्नर घराणं

शिवमनं लीड्सहून व्हिडिओ कॉलवर आईला सांगून टाकलं, लग्न करीन तर हॅना टर्नरशीच. मनकर्णाबाईंना पोरगी पसंत पडली. पण आपल्याकडं पोरगी पसंत पडली तरी आडनाव पसंत पडायचं बाकी असतं.

"टर्नर म्हंजी कोण रं? घराणं कसं हाय?"

शिवम अभ्यास करूनच बसला होता. इंग्लंडचा थोर चित्रकार, न्यूझीलंडचा क्रिकेट कप्तान, अमेरिकेतली गायिका, वृत्तवाहिनीचा मालक, अशी टर्नरांची रांगच त्यानं उभी केली.

"बाबो! एवढी मोठी भावकी? मंग साखरपुड्याला यातलं कोण कोण येतंय?"

शिवमचा चेहरा पडला. "आई, खरं सांगू का? कुणीच नाय. नुसतं आडनाव एक हाय. एकमेकांच्या कार्याला जाणं नाय, बोलणं नाय, कोण कुठं राहतं त्याचाही पत्ता नाय."

मनकर्णाबाईंनी पुंडलिकनगरातल्या आपल्या खिडकीतून समोर पाहिलं. कंपाउंडच्या भांडणापासून चुलत दिरांची खिडकी बंदच होती.

 

"म्हंजी थेट आपल्यासारखंच घराणं हाय की! थांब, मुहूर्त काढते."