मागच्या भिंतीचा आवाज

पत्रातला तिसरा परिच्छेद कालिंदीने पुन्हा खोडला. गल्लीतली दहा-अकरा माणसं तिच्या पुढच्या खोलीत सतरंजीवर बसून वाट पाहत होती.

“मॅडम, शिक्षेबद्दल जरा जोरात लिहा,” झेरॉक्सवाला सुदर्शन म्हणाला. “डीजेवाल्याला अन् पीठ दळणाऱ्याला एकच कलम लावायलेत.”

नियम शहरात नवा होता. आवाजाची मर्यादा तीनदा ओलांडली की यंत्राला सील आणि मालकावर गुन्हा. शाबीत झालं तर तीन महिने हर्सूलचं जेल. नियमाला कुणाची ना नव्हती; विरोध होता तो शिक्षेला. औरंगपुऱ्यातल्या या गल्लीत नोटीस एकालाच आली होती, कडूबाला. त्याची पिठाची गिरणी कालिंदीच्या घराला लागून होती, मधे एकच भिंत. सोमवारी सुनावणी होती. हरकतीचं पत्र लिहायला गल्लीने कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारी ही बाई निवडली होती.

तक्रार कुणी केली, ते नोटिशीत नव्हतं.

“ज्यानं केली त्याच्या ताटात चपात्या आभाळातून पडत असतील,” समोरची सोनिया म्हणाली. ती शिवणकाम करायची आणि तिची जीभही कात्रीसारखी चालायची. सगळे हसले. कालिंदीही हसली, जरा उशिरा.

तक्रार तिनेच केली होती.

आठ महिन्यांपूर्वी ती आणि केशव या घरात राहायला आले. केशवला पक्षाघात झाला होता. वाचा गेली होती. मागच्या खोलीत, त्या भिंतीलगत त्याची खाट होती. कालिंदी दिवसभर कॉलेजात असायची; गिरणी ती परतायच्या आत बंद व्हायची, रविवारी तर लागायचीच नाही. नळाला पाणी दर आठ दिवसांनी दुपारी यायचं, तेवढ्या दिवशी ती अर्धी रजा टाकायची. पाणी वरच्या टाकीत चढायला लागलं की केशवच्या खोलीचं दार लोटून त्याच्याजवळ बसायची. तेव्हा तिला कळायचं, भिंत किती घुमते ते. खाटेच्या लोखंडातून थरथर जाणवायची. केशव भिंतीकडे बोट दाखवून मान हलवत राहायचा.

कडूबाला सांगता आलं असतं. पण बोलण्यापेक्षा मोजणं तिला नेहमीच सोपं वाटायचं. तिने प्रयोगशाळेतलं ध्वनिमापक घरी आणलं. एकाच नोंदीवर विसंबू नये, असं ती मुलांना शिकवायची, म्हणून तिने तीन घेतल्या: चौसष्ट, सहासष्ट, पासष्ट डेसिबल; मर्यादा पंचावन्नची. तिन्ही तक्रारीला जोडून पाठवल्या. फार तर समज देतील, असं तिला वाटलं होतं. तीन नोंदी म्हणजे तीन गुन्हे धरतात, हे तिला नोटीस वाचल्यावर कळलं.

आणि हा कडूबा. केशवची नाचणी तो दोनदा दळून, चाळून द्यायचा. घराचं काम चाललं होतं तेव्हा जिन्याखालची पाण्याची मोटार मधल्या भिंतीला जखडायला ड्रिल त्याचंच होतं, आणि बोल्टही त्यानेच आवळले होते. चहासुद्धा घेतला नव्हता.

गेले पंधरा दिवस ती स्वतःला एकच गोष्ट सांगत होती. शिक्षा चुकीची असेल, आपलं गप्प राहणंही चुकीचं असेल. निदान आकडे खरे आहेत.

पत्र पूर्ण झालं. सगळ्यांनी सह्या केल्या. सर्वांत खाली कालिंदीने सही केली. मॅडमनी घरचं दुखणं बाजूला ठेवून गल्लीचं काम केलं, असं सुदर्शन जाताना म्हणाला. तिला मान वर करवेना.

रविवारी सकाळी ती नोंदींची वही घेऊन गिरणीत गेली. कडूबा जात्याच्या तोंडाला साचलेलं पीठ ब्रशने झाडत होता. भीतीने त्याने चार दिवस गिरणी लावलीच नव्हती.

“कडूबाभाऊ, तक्रार माझी आहे,” ती दारातूनच म्हणाली.

ब्रश थांबला. मग त्याने स्टूल ओढलं, गमछ्याने पुसलं आणि तिच्यापुढे ठेवलं. ती बसली नाही.

“भिंतीवर एक थाप मारायची होती, मॅडम,” तो म्हणाला. “तेवढ्यानं बंद केली असती.”

यापेक्षा त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं तिला वाटलं. सोमवारी आपण येऊ, सगळं आपल्या तोंडाने सांगू, असं ती घाईघाईने बोलत राहिली. तीन नोंदी म्हणजे तीन गुन्हे नव्हेत, तक्रार एकच आहे, हेही सांगू.

कडूबाने मान हलवली. “कशाला भांडता? तुम्ही शिकलेल्या. तुम्ही मोजलंय म्हणजे आवाज असणारच. मी उद्या कबूल करून टाकतो. घरचीला देवगावला धाडलंय कालच.”

“निदान तारखा तरी लिहून घ्या,” ती म्हणाली. नोटिशीत नुसते आकडे होते. “साहेब विचारतील.”

पेन कानावरून काढत त्याने भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून तिच्यापुढे धरलं. कालिंदीने मागच्या महिन्याचं पान उलटलं आणि वही उघडली. चार, बारा, वीस. दुपारी अडीच.

कॅलेंडरवर चार तारखेला निळा गोल होता. बाराला होता. वीसलाही.

“ही खूण कसली?” तिने विचारलं.

“ती व्हय? पाण्याच्या दिवसाची. सगळ्या गल्लीच्या मोटारी लागल्या की डीपीला लोड झेपत नाय. म्हणून त्या दिवशी मी गिरणीला कुलूपच घालतो अन् गावाकडं जातो.” त्याने पेनाचं टोपण काढलं. “तुमची मोटार चालती ना नीट?”