सोळा पानं

“गाडी सुटली,” मोनिकानं वाचलं आणि पुस्तक मिटलं. सगळी पोरं खो-खो हसली.

सिडकोतल्या त्या वाचनालयात दर रविवारी नववी ते अकरावीची पोरं जमायची आणि नव्या कादंबरीवर मत द्यायची. वाचनालय चालवणाऱ्या संध्याताईंचा एकच नियम. मत द्यायच्या आधी पुस्तकातलं शेवटचं वाक्य मोठ्यानं वाचायचं. नुसतं मागचं कव्हर चाळून तासभर बोलणारी पोरं त्यांनी लई पाहिली होती. आता करमाडहून येणारी मोनिकाही त्यातलीच निघाली की काय!

“अर्धवट वाचून आलीस व्हय गं?” सुयश म्हणाला. “गाडीनंतर सोळा पानं आहेत. सुलेखा परत येते.”

“कुठं परत येते?”

“घरी. पुढच्या स्टॉपवर उतरते आणि येते. शेवटचं वाक्य ऐक. ‘सुलेखानं उंबऱ्याशी चपला काढल्या.’ मला तर आवडला शेवट. आईबापाला दुखवून कुणी मोठं होतं का?”

मोनिकानं शेवटचं पान परत उघडून पाहिलं. तिनं ते पुस्तक दोनदा वाचलं होतं, शेवटचं पान तर पाचदा. त्यातली सुलेखा बापाला तोंडावर सांगते, मी शिकायला पुण्याला जाणार, आणि एसटीत चढते. बाप खाली स्टँडवर उभा. गाडी सुटली. संपलं! त्या दोन शब्दांच्या जोरावर तर मोनिकानं आठ दिवस मन घट्ट केलं होतं. पुण्याच्या हॉस्टेलचं संमतीपत्र याच पुस्तकात घडी घालून ठेवलं होतं. पालकाच्या सहीची जागा कोरी होती आणि उद्या शेवटची तारीख. अकराला पप्पा न्यायला येणार, तेव्हा सांगायचं ठरलं होतं. आणि ही बया पुढच्या स्टॉपवर उतरली?

संध्याताईंनी तिच्या हातातलं पुस्तक घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. “अगं, हिची काय चूक? बांधतानाच शेवटची सोळा पानं राहिलीत. ही प्रत परत पाठवावी लागेल.” घडी घातलेला कागद त्यांना दिसला. त्यांनी पुस्तक मिटून मोनिकाला दिलं.

“मला नाही पटला शेवट,” रूपाली म्हणाली. “उतरायचंच होतं तर एवढं रामायण करून चढली कशाला?”

“बापाचा विचार नको करायला?” सुयश.

“आन् तिचा कुणी करायचा?” मोनिका एवढ्या जोरात बोलली, की पलीकडं पेपर वाचणाऱ्या आजोबांनी मान वर केली. तिची तिलाच लाज वाटली. ती खाली बसली, परत उठली, घड्याळाकडं पाहिलं. अकराला पाच कमी.

संध्याताईंनी दुसरी प्रत पुढं केली. “ही पूर्ण आहे. कोपऱ्यात बसून वाच, मग मत दे.”

“नको, ताई. मला नाय वाचायची.”

तेवढ्यात खाली मोटरसायकल थांबली. मोनिकाला तो आवाज हजार गाड्यांतही ओळखू आला असता. तिचा बाप राजेंद्र दाराशी बूट काढून आत आला. अंगात शेंद्र्याच्या कंपनीचा शर्ट, हातात हेल्मेट.

“जय भीम, मॅडम. झालं का हिचं?”

सुयशच्या पोटात काही राहतंय होय! “काका, हिच्या पुस्तकाला शेवटच नव्हता.”

“मंग आठ दिवस काय वाचत व्हती ही? जेवायला बोलावलं तरी उठत नव्हती.”

मोनिकानं पुस्तकातला कागद काढला आणि बापापुढं धरला. “पप्पा, पुण्याला नंबर लागलाय. हॉस्टेल मिळतंय. सही उद्यापर्यंत पायजे. तुम्ही म्हणता शीक, पर दिवेलागणीला घरी ये. ते नाय व्हायचं. मला पायजे ती शाखा तिथंच हाय.” सगळं एका दमात बोलली.

राजेंद्रनं हेल्मेट खुर्चीवर ठेवलं. ओळीवर बोट ठेवून पूर्ण कागद वाचला, मागची बाजूसुद्धा.

“हे त्या पुस्तकातून आलं व्हय?” त्यानं विचारलं.

“थोडं. त्यातली पोरगी पण पुण्याला जाती. बाप स्टँडवर उभा असतो आन् गाडी सुटती.”

“आन् मंग? बाप किती येळ उभा ऱ्हातो?”

मोनिकानं मान हलवली. “माझ्या पुस्तकात नाय ते.”

“तुझ्यात हाय का रं?” त्यानं सुयशला विचारलं.

सुयशनं घाईघाईनं मागची पानं उलटली. एकदा, परत एकदा. “नाही, काका. ती परत येते तेव्हा बाप घरीच असतो. चहा पीत.”

“चहा पीत?”

“तसंच लिहिलंय.”

राजेंद्रनं ते पान स्वतः वाचून पाहिलं.

“मंग लिहिणाऱ्याला पोरगी नसंल,” तो म्हणाला, आणि संध्याताईंकडं पेन मागितला.