मास्टरच्या स्वयंपाकघरातली जमीन

"आई, अजून एकदा चाल. ओट्यापासून दारापर्यंत. नेहमीसारखी."

टोम्मा चालली. फेन्ना जमिनीवर पालथी पडली होती, गाल लिनोलियमला टेकवून. नाकासमोर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला. आईचं पाऊल पडलं की पाणी थरथरायचं. ती दाराजवळ पोचली तेव्हा ते सांडलंच.

फेन्नाचे वडील हिंडेर्क खिडकीपाशी पाय लांब करून बसले होते. दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली होती. चाळीस वर्षं त्यांनी जर्मनीतल्या लेअर गावात टाइल्स बसवल्या. शाळा, इस्पितळ, दोन चर्च आणि निम्म्या गावाची स्वयंपाकघरं. स्वतःच्या घरात मात्र लग्नाच्या वर्षी घातलेलं लिनोलियम, आता कडेकडेने फुगून वर आलेलं. त्यावरून गाव त्यांची चेष्टा करायचं. ते चहात खडीसाखर टाकत आणि ऐकून घेत.

"झालं का पाण्याशी खेळून?" त्यांनी विचारलं. "टाइल्स कधी बसवतेस ते सांग."

या प्रश्नाची फेन्नाने बारा वर्षं वाट पाहिली होती. सतराव्या वर्षी तिने त्यांच्याकडे काम शिकायला मागितलं, तेव्हा ते म्हणाले होते, "बायकांचे गुडघे या धंद्यात टिकत नाहीत." ती एम्डेन शहरात गेली, परक्या माणसाच्या हाताखाली शिकली. गेल्या उन्हाळ्यात परीक्षा देऊन त्यांच्यासारखीच मास्टर, म्हणजे स्वतःचा धंदा चालवू शकणारी उस्ताद कारागीर झाली. वडिलांनी तिचं एकही काम पाहिलं नव्हतं. आणि काल त्यांचा फोन आला. तुझ्या आईला स्वयंपाकघरात टाइल्स हव्यात, तू येऊन बसव.

रात्रभर तिने मनातल्या मनात ती जमीन रचली होती. फिकट राखाडी रंग, बारीक सांधे, भिंतीपाशी एकही तुकडा वेडावाकडा नाही. गावातलं कुणीही येऊन बघावं अशी.

ती उठून बसली. गुडघ्यावरची धूळ झटकली.

"नाही बसवत, बाबा."

"म्हणजे?"

"जमिनीखालच्या लाकडी तुळया लांब आहेत आणि बारीक आहेत. जमीन दबते. टाइल्स वर्षभर छान दिसतील. मग सांधे उकलतील, मग त्या तडकतील. इथे लॅमिनेट घाला. पट्ट्या एकमेकींत अडकतात, जमिनीला चिकटवायच्या नसतात. जमीन हलली तरी त्या सांभाळून घेतात."

"लॅमिनेट!" हिंडेर्कनी तो शब्द घशात काटा अडकावा तसा काढला. "माझ्या घरात? लाकडाचं चित्र छापलेल्या पट्ट्या? गाव काय म्हणेल?"

"गाव आजही म्हणतंच आहे," टोम्मा शेगडीपाशी पुटपुटली.

"खाली जाळी टाक. लवचीक मसाला वापर. मी सांगतो तसं कर."

"जाळीने तुळया जाड होत नाहीत. सगळी जमीन उखडून खालून नव्या तुळया घालायच्या असतील तर बसवते. नाहीतर लॅमिनेट."

"गारेल्ट परवा पाहून गेला." गारेल्ट म्हणजे त्यांच्याकडे अठरा वर्षं काम केलेला त्यांचा उजवा हात. "तो तर लगेच हो म्हणाला."

फेन्नाचा चेहरा तापला. एक शब्द बोलायचा अवकाश होता. हो म्हटलं की या घरात, वडिलांच्या डोळ्यांदेखत, तिच्या हातची जमीन झाली असती. वर्षभर तरी देखणी. तिने ओली झालेली बाही पिळली.

"मग गारेल्टला बोलवा," ती म्हणाली. "तडकणार हे माहीत असताना मी कुणाच्याही घरी टाइल लावत नाही. तुमच्याही नाही."

तिने मोजायचा टेप गुंडाळला, पेला धुऊन जागेवर ठेवला आणि जाकीट चढवलं. आईकडे तिला बघवेना. काम गेलं होतं, बारा वर्षं वाट पाहणंही वाया गेलं होतं. तरी तिची मान ताठ होती. दुसरं उत्तर तिच्याकडे नव्हतंच.

"चहा घेऊन जा," हिंडेर्क म्हणाले.

"नको."

"बस म्हटलं ना. आणि हे घे." त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला. त्यांच्या कार्यशाळेची, गाडीची, गोदामाची किल्ली. "सोमवारी सातला उघड. गारेल्टला मी सांगतो. काम चोख आहे त्याचं, तुझ्या हाताखाली राहील."

फेन्ना किल्ल्यांकडे बघत राहिली. "बाबा, मी नाही म्हणाले आत्ता. ऐकलंत ना?"

"म्हणूनच देतोय. गुडघ्यांबद्दल मी चुकलो होतो, पोरी. शेवटी माझेच गेले."

टोम्माने तिसरा कप मांडला. "बाई गं, आता तरी मला जमीन मिळू दे," ती म्हणाली. "दर दोन-चार वर्षांनी हा माणूस मला दुकानात नेऊन टाइल्स पसंत करायला लावतो. आणि दुसऱ्या दिवशी म्हणतो, विचार बदलला."

"दर दोन-चार वर्षांनी?" फेन्नाने विचारलं.

हिंडेर्कनी मुलीकडे पाहिलं. डोळे भरून आले होते, पण आवाज कामावरचाच होता.

"या जमिनीवर टाइल्स टिकणार नाहीत, हे मला लग्नाच्या वर्षीच कळलं होतं. माझ्याकडे तयार झालेल्या प्रत्येकाला मी इथे आणून विचारलं, बसवशील का? नऊ जण आले, नऊही जण 'हो, मास्टर' म्हणाले. नाही म्हणणारी तू पहिली, मास्टर."