दुपारचं पुटपुटणं

दुपारी जेवणं झाली की रीता आतल्या खोलीचं दार लावून घ्यायची आणि हळू आवाजात कुणाशी तरी बोलायची. तिचा नवरा दिपक वारून वर्षही झालं नव्हतं. तांड्यातल्या बाया आता कुजबुजायला लागल्या होत्या, आणि सासूच्या, रुख्मिणीबाईंच्या, मनातही पाल चुकचुकली. एक दिवस त्यांनी धाडकन दार ढकललं. फोन कोपऱ्यात चार्जिंगला होता आणि रीता एक जाडजूड पुस्तक पदराखाली दडवत होती.

“कोनाचं हाय हे?”

“ह्यांचंच हाय, आत्याबाई. डेटाबेसचं. कंप्युटरमंधी माहिती कशी ठेवायची, कशी शोधायची, ते मी शिकून राहिले. मोठ्यानं वाचलं की ध्यानात राहतंय. वसमतच्या हापिसात ह्यांच्या जागेवर घेतो म्हनले, पन परीक्षा हाय.”

“मंग लपवलंस काहून?”

“ह्यांच्या वस्तूला हात लावायचा न्हाई, असं तुमीच म्हनलात.”

रुख्मिणीबाईंनी पेटीचं कुलूप काढलं, लेकाचा लॅपटॉप पदरानं पुसला आणि सुनेपुढे ठेवला.

“नुसतं वाचून कसं जमंल? पन आता दार उघडं ठेवून शीक. तांड्याला बी दिसू दे.”